मूर्तिजापूरची सातवी नस

डोक्याच्या बारा नसांपैकी दीपमाला तायडेला दहा यायच्या. सातवी कधीच यायची नाही. दुसरी न येणारी कोणती, ते रोज बदलायचं. सोमवारी नववी हरवायची. मंगळवारी नववी सापडली की अकरावी गायब.

दीपमाला सहा वर्षं किरगिझस्तानात राहून डॉक्टर होऊन अमरावतीला परतली होती. पण बाहेरून शिकून आलेल्यांना इथं डॉक्टरकी करायची तर आधी एक परीक्षा द्यावी लागते. प्रश्न तीनशे, त्यातले दीडशे बरोबर यायला हवेत. पहिल्या खेपेला तिला एकशे एकतीस मिळाले, दुसऱ्या खेपेला एकशे सेहेचाळीस. आता तिसऱ्या खेपेला अठरा दिवस उरले होते, आणि हीही गेली तर तलाठ्याचा फॉर्म भरीन, असं तिनं स्वतःच सगळ्यांसमोर बोलून ठेवलं होतं. भाऊ अनुप कामाचा माणूस. त्यानं फॉर्मला लावायचे फोटो मागवूनसुद्धा घेतले होते.

"बारा नावं ध्यानात राहात नाई तुह्या?" वडील जानराव म्हणाले.

"नुसती नावं नाई, बाबा. कोणती नस कुठून निघते, कुठून जाते, कायचं काम करते, सारं पाठ करा लागते."

"मंग? गाडी कुठून निघते, कुठून जाते, कुठं कोण उतरते. दुसरं काय केलं म्या जिंदगीभर?"

जानराव एकतीस वर्षं अमरावती-अकोला साध्या गाडीवर कंडक्टर होते. एकतीस वर्षांत एकही शेरा नाही, ही गोष्ट ते पाहुण्याला पाण्याच्या आधी देत. त्यांनी कागद घेतला आणि अमरावती ते अकोला बारा थांबे लिहून एकेका थांब्याला एकेक नस बसवली. पहिली नस वासाची, म्हणून अमरावती स्टँड. तिथं कचोरीचा वास असतोच. दुसरी नजरेची, राजापेठ. तिथं चष्म्याचं दुकान. तिसरी पापणी उचलते, ती बडनेऱ्याला, कारण डुलकी घेणारे बरोबर बडनेऱ्याला डोळे उघडतात. चौथी लोणी. पाचवी चावायची, ती फाट्यावर. सहावी कुरुम. सातवी चेहऱ्याची, मूर्तिजापूर. बारावी जिभेची, अकोला. तिथवर पोचेस्तोवर माणसाचा घसा कोरडा पडतोच.

दोन दिवसांत दीपमाला अकरा थांबे धडाधड म्हणू लागली. मूर्तिजापूर मात्र येईना.

"घरी बसून रस्ता पाठ होत नाई," जानरावांनी निदान केलं. "गाडीत बसा लागते."

"लोकाच्या पोरी क्लासले जातात," आई इंदूबाई डबा बांधताना म्हणाली, "आपली एसटीनं चालली."

रविवारी सकाळी बापलेक गाडीत पुढच्या बाकावर बसले. कंडक्टर नितेश हा जानरावांच्याच हाताखाली शिकलेला. ड्रायव्हर वसंत तर त्यांच्यासोबत नऊ वर्षं गाडी चालवलेला.

"मास्तर, अकोल्याले काई काम काढलं?" नितेशनं विचारलं.

"काम अकोल्याले नाई. काम रस्त्यात हाय."

स्टँडवर दीपमालानं पहिली नस म्हटली, हळूच, पुस्तकाआड तोंड लपवून. राजापेठेला दुसरी. तोवर मागच्या बाकावरच्या ज्योत्स्नाबाई पुढे वाकून ऐकू लागल्या होत्या आणि नळाला पाणी कधी येणार हे सांगावं तसं मागच्यांना सांगत होत्या, "आता पापणीची येऊन राहिली."

पापणीच्या आधी कूलर आला. बडनेऱ्याला डोमाजी नावाचा काडीसारखा म्हातारा भला मोठा पत्र्याचा कूलर घेऊन उभा होता. बाहेर सकाळी नऊलाच तवा तापलेला, त्यामुळे त्याला कोणी नाही म्हणालं नाही. तो आधी स्वतः चढला आणि आतून कूलर ओढू लागला. नितेश बाहेरून ढकलू लागला. दोघांनी मिळून इतकं मन लावून काम केलं की कूलर दारात पक्का बसला. आता तो आत येईना की बाहेर जाईना. नितेश बाहेरच राहिला होता. त्याला स्वतःच्या गाडीत 'संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग' लिहिलेल्या मागच्या दारातून आत यावं लागलं. कूलर दोरीनं बांधला आणि दोन घंट्या मारून गाडी निघाली.

"हे पोरगी काय म्हणून राहिली?" डोमाजीनं टेकता टेकता विचारलं.

"डॉक्टरीन हाय. एकेका थांब्यावर एकेक नस हाय," ज्योत्स्नाबाईंनी सांगितलं.

"मंग माह्या कंबरेची कितव्या थांब्यावर हाय?"

"हे डोक्याच्या नसांची गाडी हाय, बुवा," जानराव म्हणाले. "कंबरेच्या दुसऱ्या गाडीनं जातात."

डोमाजीला ते पटलं. ज्योत्स्नाबाईंच्या हाताला मुंग्या येत होत्या, त्यांनाही पटलं. गाडी चुकली तर माणूस करणार काय?

लोणीला डोमाजीला उतरायचं होतं. दार कूलरनं अडवलेलं. मग तो मागच्या दारानं उतरला आणि धोतर सावरत, गाडीला सगळा वळसा घालून, चटक्याच्या उन्हात पुढच्या दाराशी आला. चार जणांनी बाहेरून कूलर ओढला. कूलरची एक जाळी तेवढी हातात आली. डोमाजी जाळी घेऊन तसाच वळसा घालून परत मागून चढला.

"काहून? उतरत नाई का?" नितेशनं विचारलं.

"कूलर अकोल्याले चालला, मी एकटा घरी जाऊन काय हवा घेऊ?"

"या म्हाताऱ्याच्या पायी चौथी नस राह्यली," जानराव चिडून म्हणाले. "कूलरचा तमाशा पाह्यला पोरीनं, नस नाई पाह्यली." तोवर लोणी मागे गेली होती. फाट्यावर पाचवी झाली. चावण्याची म्हटल्यावर सगळ्या गाडीनं जबडे हलवून पाहिले. कुरुमला सहावी झाली. जानराव सरसावून बसले. आता मूर्तिजापूर, आता सातवी.

आणि गाडी बायपासला लागली.

"नितेश, गाडी गावात घे."

"गावातला रस्ता खोदून ठेवला हाय, मास्तर. आठ दिवसांपासून बाहेरूनच जाऊन राहिलो."

"अरे, सहावीनंतर एकदम आठवी? माही पोरगी तिकडे तीनशे प्रश्नाले बसते, तिले काय सांगू, रस्ता खोदला होता म्हणून?"

"मले सांगून काय फायदा? मी खोदला का?"

मूर्तिजापूरची घरं डाव्या हाताला मागे सरकू लागली. जानरावांच्या एकतीस वर्षांच्या नोकरीत मूर्तिजापूर असं हातावर तुरी देऊन कधी गेलं नव्हतं. त्यांचा हात आपोआप वर गेला आणि दोरी ओढली गेली. एक घंटी. वसंतनं नऊ वर्षं त्या हाताची घंटी ऐकली होती. डोक्यानं विचार करायच्या आत पायानं ब्रेक दाबला. गाडी बायपासच्या मधोमध उभी राहिली.

"दीपा, म्हण लवकर," जानराव म्हणाले.

"फेशियल," दीपमाला म्हणाली. "चेहऱ्याची. तपासायची कशी, तं भुवया वर करा, डोळे गच्च मिटा, दात दाखवा, गाल फुगवा."

हे तिनं स्वतःशी म्हटलं होतं. पण गाडीला आता सवय लागली होती. बेचाळीस जणांनी भुवया वर केल्या, डोळे मिटले, दात दाखवले आणि गाल फुगवले.

नेमकी त्याच वेळी तपासणी पथकाची जीप मागून आली. पथकाच्या संध्या मॅडम मागच्या दारानं आत चढल्या. थांबा नसलेल्या जागी उभी गाडी, दारात कूलर, आणि आत बेचाळीस माणसं गाल फुगवून बसलेली.

"काय चाललंय हे?"

कोणी बोललं नाही. गाल फुगलेले असताना बोलता येत नाही. वसंतनं आरशातून पाहिलं आणि गाल आणखी फुगवले.

"गाडी कोणी थांबवली?"

जानराव उठले. "मी. माह्या नावानं शेरा लिहा."

"तुम्ही नोकरीत आहात का?"

"नाई. रिटायर हाय."

"मग तुमच्या नावानं कसा लिहू?"

"या पोट्ट्याच्या नावानं नका लिहू, मॅडम. घंटी माही होती. पोरीची सातवी नस मूर्तिजापूरले हाय, ते सुटून राह्यली होती."

संध्या मॅडमनी दीपमालाच्या हातातलं पुस्तक पाहिलं, कूलर पाहिला, आणि बराच वेळ विचार करून लिहिलं: 'एक माजी कर्मचारी सातव्या नसेकरिता उतरू इच्छित होते. समज दिली.' दीपमालानं उरलेल्या पाच नसा एकटीनं म्हटल्या. अकोल्याच्या स्टँडवर दोन मेकॅनिकांनी कूलर सोडवला, आणि डोमाजी तो टेम्पोत घालून लोणीला परत गेला.

परीक्षेत दीपमाला शेवटच्या भागात एका प्रश्नावर अडली. बारांपैकी अशी एकच नस कोणती, जी मेंदूच्या मागच्या बाजूनं बाहेर पडते? तीच सगळ्यांत बारीक, आणि कवटीच्या आत सगळ्यांत लांबचा वळसा घालून पुढे येते. दीपमालानं डोळे मिटले. समोर पुस्तकाचं पान आलं नाही. धोतर सावरत मागच्या दारानं उतरणारा काडीसारखा डोमाजी आला, उन्हात सगळ्या गाडीला वळसा घालत पुढे येणारा. थांबा लोणी. चौथी. ट्रॉक्लिअर.

निकाल लागला. एकशे पन्नास.

अनुपनं ते फोटो गुपचूप कपाटात ठेवले. जानरावांनी आकडा तीनदा वाचला, एक जास्त नाही, एक कमी नाही, आणि हळूच विचारलं, "सातवी आली होती ना?"

"नाई, बाबा. सातवीवर एकही प्रश्न नव्हता. चौथी आली होती."

जानरावांनी पायात चपला घातल्या. मग म्हणाले, "पेढे आण. लोणीले जा लागते."

लोणीला डोमाजी कूलरपुढे खाटेवर पडला होता. एका बाजूची जाळी तारेनं बांधलेली होती. हकीकत ऐकून त्यानं दोन पेढे खाल्ले, आपण एकशे पन्नासावा मार्क आहोत हे शांतपणे मान्य केलं, आणि कुशीवर वळत विचारलं, "डोक्याची गाडी तं पोचली. आता कंबरेची कवा निघते?"

"त्या नसा लय असतात, बाबाजी," दीपमाला हसून म्हणाली. "पाठीच्या कण्यातून एकतीस जोड्या निघतात."

जानरावांची बोटं पेढ्याच्या डब्यावर चालू लागली. ओठ हलू लागले. दीपमालानं ते पाहिलं आणि तिचं हसू तिथंच थांबलं.

"अमरावती-अकोट," जानराव म्हणाले. "साधी गाडी. बरोबर एकतीस थांबे."