मान डोलावण्याची पात्रता

मनुष्याला डोकं विचार करण्यासाठी मिळालेलं असलं, तरी नोकरी टिकते ती मानेवर. हे सत्य ज्या संस्थांनी सर्वांत आधी ओळखलं त्यांना सल्लागार कंपन्या म्हणतात. अशाच एका थोर कंपनीत, मामाकडे राहणारी एक भाची 'कनिष्ठ विश्लेषक' म्हणून चिकटली.

"म्हणजे नक्की करायचं काय?" मामाने विचारलं.

"मीटिंगला बसायचं."

"आणि?"

"साहेब बोलले की मान डोलवायची."

"अगं, एवढ्यासाठी शिकवलं होय तुला?"

मामाला यातली खोली कळली नाही. कनिष्ठाने मान फक्त वर-खाली हलवावी, असा नियम आहे. वरिष्ठाची किंचित तिरकी चालते. आडवी हलवण्याचा अधिकार भागीदारांचा (आणि ते तो फक्त पगारवाढीच्या दिवसांत वापरतात). ऑफिसात हजेरी सक्तीची, काम ऐच्छिक. बॅग रिकामी असली तरी जड दिसेल अशी धरावी. कंपनीच्या पाहणीनुसार, डुलणाऱ्या माना पाहून शंभरातले शंभर ग्राहक समाधानी होतात; उरलेल्यांचं अजून कळलेलं नाही.

भाचीला मात्र एकच ध्यास होता: कायम व्हायचं आणि मामाचं घर सोडायचं. मामा-मामी वाईट नव्हते हो, वाईट होता तो हॉलमधला सोफा. दोघांनी बसायच्या सोफ्यावर एकीने झोपायचं, म्हणजे पाय तरी बाहेर नाहीतर डोकं तरी. त्यात सकाळ झाली रे झाली की मामा तिच्या कानाशी बसून अख्खं वर्तमानपत्र मोठ्याने वाचायचा. स्वतःची खोली, लांबरुंद पलंग आणि शांतता, एवढंच बिचारीचं मागणं.

आणि ज्या मीटिंगवर तिचं कायम होणं ठरणार होतं, नेमकी त्या मीटिंगच्याच सकाळी तिच्या मानेत उसण भरली! मान वर जाईना, खाली येईना. हलली तर आडवीच. मामीने तेल चोळलं, शेक दिला. मामाने 'उजव्या कुशीवरून उठावं' असं, ती उठून झाल्यावर, सांगितलं.

ग्राहक होते बादल्यांच्या कारखान्याचे मालक. बादल्या खपेनात म्हणून आलेले. भागीदार साहेबांनी गंभीरपणे तोडगा मांडला, "यापुढे बादलीला बादली म्हणायचं नाही. 'जलसंचय सोबती' म्हणायचं."

सगळ्या माना वर-खाली झाल्या. भाचीनेही जीव खाऊन जोर लावला. मान हलली, पण आडवी. साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. संपलं सगळं, आता जन्मभर सोफा, या विचाराने तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

मालक पुढे सरकले. "ताई, तुम्हाला पटलेलं दिसत नाही?"

"तसं नाही हो. दुखतंय फार."

"ऐकलंत?" मालकांनी टेबलावर थाप मारली. "माझ्या बादलीपायी हिला दुखतंय! तुमच्यातलं कोणी रडलं होतं का आजवर?" आणि त्यांनी तिथल्या तिथे आणखी एक अभ्यास मागवला, पहिल्याहून महाग.

भाची त्याच दिवशी कायम झाली. हुद्दा, 'विशेष असहमती विश्लेषक'. अट एकच, मान आहे तशी राहिली पाहिजे. त्यासाठी कंपनीची तज्ज्ञ समिती घरी येऊन गेली. समितीने आळीपाळीने सोफ्यावर पडून पाहिलं, मामाकडून वर्तमानपत्र वाचून घेतलं आणि निष्कर्ष काढला की उमेदवाराचं कौशल्य याच सोफ्यावर घडतं, सबब निवास बदलता येणार नाही. मामाला मानद सल्लागार नेमण्यात आलं. तो आता दोन वर्तमानपत्रं वाचतो.

भाची भरपूर कमावते, आणि उशीत तोंड खुपसून रडते. असली नोकरी तिने लाथाडावी, असं तुम्हाला वाटत असेल. मत लाखमोलाचं आहे हो. पण तुम्ही ते फुकट दिलंत. मग ते ऐकणार कोण?