आधी दुप्पट, मग वाटणी

रिसोडहून रिठदला येणाऱ्या एसटीत कंडक्टरने "किती?" असे विचारले, की आमचे शेजारी उत्तमभाऊ शांतपणे उत्तर देतात, "मोजले नाई बाप्पा. पन सारे रिठदलेच उतरतात."

वास्तविक त्या वेळी बाकावर ते एकटेच असतात. मांडीवर फार तर वांगी विकून रिकामे झालेले पोते असते. नवा कंडक्टर पुढे पाहतो, मागे पाहतो, वाकून बाकाखालीही पाहतो. जुना कंडक्टर मात्र निमूटपणे एक तिकीट काढून देतो आणि म्हणतो, "साऱ्याईनं धरून बसा, भाऊ. रस्ता खराब आहे."

या उत्तरामागे शास्त्र आहे, आणि ते शास्त्र मी शिकवलेले आहे. म्हणून खुलासा करण्याची जबाबदारीही माझीच. मी गावच्या शाळेत विज्ञान शिकवतो. एका वर्षी आम्ही विज्ञान प्रदर्शन भरवले आणि सूक्ष्मदर्शकाखाली कांद्याचे पातळ साल ठेवले. कांदा उत्तमभाऊंच्या मळ्यातला होता. आपल्या कांद्याचे शाळेत काय चालले आहे, हे पाहण्यासाठी ते आले आणि त्यांनी भिंगाला डोळा लावला.

"सर, हे तं वीटभट्टी होय!"

मी म्हणालो, "उत्तमभाऊ, या विटा नव्हेत, पेशी आहेत. घर जसे विटांचे, तसा प्रत्येक सजीव पेशींचा. फरक एवढाच, की वीट निर्जीव असते आणि पेशी जिवंत असते. ती अन्न घेते, टाकाऊ ते बाहेर टाकते, वाढते आणि वेळ आली की एकीच्या दोन होतात."

"अन् माणसात?"

"माणसातही. कोट्यवधी."

त्यांनी डोळा काढला नाही. मागे विद्यार्थ्यांची रांग दारापर्यंत गेली. अखेर मुख्याध्यापकांनी त्यांच्या खांद्याला हात लावला, तेव्हा ते दचकून म्हणाले, "हळू! आतमंदी लोक आहेत."

त्या दिवसापासून ते रोज संध्याकाळी माझ्या ओसरीवर येऊन एकेक गोष्ट विचारून घेऊ लागले. असा विद्यार्थी शिक्षकाला क्वचितच लाभतो. अडचण एवढीच, की वर्गातले विद्यार्थी ऐकलेले विसरतात आणि उत्तमभाऊ ते अमलात आणतात.

वनस्पतीच्या पेशीभोवती भित्तिका असते, प्राण्याच्या पेशीभोवती मात्र केवळ पातळ पटल असते, हा भेद मी एका सोमवारी सांगितला. मंगळवारी त्यांनी घरापुढची आवारभिंत पाडली. "भिंत झाडाले असते. आपन का झाडं हावो?" आता पटल कोठून आणावे, हा प्रश्न उरला. तो त्यांनी स्वतःच सोडवला. भिंतीच्या जागी बाज टाकली आणि तीवर ते स्वतः बसले. उपयोगाचे तेवढे आत सोडायचे आणि बाकीचे बाहेर ठेवायचे, हा पटलाचा धर्म. दूधवाल्याला ते आत सोडत. बियाण्याच्या एजंटाला परत पाठवत. शेजारची बकरी आली, तर तिचीही दोन्ही बाजूंनी तपासणी होई.

या घरात तेव्हा चार माणसे होती. उत्तमभाऊ स्वतः विधुर, मूलबाळ नाही. त्यांचा धाकटा भाऊ गजानन, त्याची पत्नी सुनंदा आणि त्यांची कॉलेजात जाणारी मुलगी. सुनंदावैनी सोशिक. परंतु त्यांचे सख्खे भाऊ कामरगावहून बहिणीला भेटायला आले, तेव्हा तेही पटलाला अडले.

"उपयोगाचं काय आनलं?" उत्तमभाऊंनी विचारले.

"अहो, मी पाहुना आहो!"

"ते दिसून राह्यलं. उपयोग सांगा."

पाहुणे घाईत रिकाम्या हाताने आले होते. उन्हात उभे राहून त्यांनी बराच वेळ विचार केला. उपयोग सुचला नाही. वैनी आतून चहा घेऊन धावत आल्या, तोवर ते परतीच्या जीपमध्ये बसले होते. त्या दिवशी वैनींनी गजाननला एकच वाक्य ऐकवले, "माह्या भावाले ज्या घरात जागा नाई, तिथं माही चूल नाई."

रस्त्याच्या पलीकडे गजाननने दोन खोल्या बांधून ठेवल्याच होत्या. वेगळे व्हायचे ठरले. थोरला भाऊ आकाशपाताळ एक करील, अशी सर्वांची अपेक्षा होती. उत्तमभाऊ मात्र म्हणाले, "हो नं. विभाजन तं होतेच. पन कायद्यानं होईल."

त्यांचा कायदा असा. विभाजनाआधी पेशी आपल्या केंद्रकातल्या ऐवजाची दुप्पट करते, म्हणजे दोन्ही पेशींना पूर्ण वाटा मिळतो. हेही मीच सांगितले होते. तेव्हा घरातील प्रत्येक वस्तूची जोडी झाल्याशिवाय वाटणी नाही.

"दादा, मले अर्धं द्या अन् जाऊ द्या," गजानन म्हणाला.

"अर्ध्यावर पेशी जगत नाई, गजू."

रिसोडच्या फेऱ्या सुरू झाल्या. दुसरा पाटा आला, दुसरी परात आली. घरचे घड्याळ मागे चालत असे. म्हणून नवे घड्याळही मागे लावण्यात आले. घरातल्या बाजेचा एक पाय आखूड होता. सुताराला तशीच बाज सांगितली.

"भाऊ, नवी बाज अन् लंगडी?" सुताराने हातातला रंधा खाली ठेवला.

"तिची बहीन लंगडीच आहे. मंग हे सरळ कशी निंघन?"

म्हशीला म्हैसच व्हायला हवी होती. तिला रेडकू नर झाले. उत्तमभाऊंनी ते समाधानाने पाहिले आणि "पुढच्या खेपेले पाहू" असे जाहीर केले. अंगणातल्या लिंबाशेजारी त्यांनी लिंबाचे रोप लावले आणि ते जुन्याएवढे झाले, की लगेच वाटणी, असा शब्द दिला. वैनींचे सामान केव्हाचे बांधलेले होते. भाजीला पळी लागली, की गाठोडे सोडायचे आणि पुन्हा बांधायचे.

शेवटी गजानन माझ्याकडे आला. "सर, तुमीच शिकवलं, आता तुमीच सोडवा. बायको म्हनते, येत्या सोमवारी निंघत नसान तं मी कामरगावले जातो."

मी उत्तमभाऊंकडे गेलो आणि धडा पुन्हा नीट मांडला. पेशी सगळ्याच गोष्टींची हुबेहूब नक्कल करत नाही. नक्कल होते ती केंद्रकातील सूचनांची, म्हणजे जगावे कसे याच्या ज्ञानाची. बाकीचा ऐवज वाटला जातो आणि उणे असेल त्याची भर दोन्ही पेशी पुढे आपापली घालतात.

ते बाजेवर ऐकत बसले होते. मग त्यांनी अगदी हळू विचारले, "सर, विभाजन झाल्यावर जुनी पेशी कोनती राह्यते?"

"कोणतीच नाही. दोन्ही नव्याच."

"म्हंजे मागं कोनी राह्यत नाई?"

"नाही."

"मले वाटे, एक निंघून जाते अन् जुनी तिथंच पडून राह्यते. एकटीच." त्यांनी उपरण्याने तोंड पुसले. "तुमी हे आधी नाई सांगतलं."

सोमवारी त्यांनी स्वतःच्या हाताने गजाननचे सामान रस्ता ओलांडून नेले. नर रेडकूही दिले. दुपारी पलीकडे नव्या घरात गृहप्रवेशाचे दूध उतू घालवण्याचा विधी झाला, परंतु त्यात उत्तमभाऊ दिसले नाहीत. म्हणून मी त्यांच्या घरी डोकावलो.

ज्या घरात त्यांचा जन्म झाला, त्या घराचा उंबरठा झेंडूच्या माळेने सजवलेला होता. आत गॅसवर दुधाचे पातेले होते आणि समोर उत्तमभाऊ धुतलेले धोतर नेसून मांडी घालून बसले होते.

"या सर. हेबी नवंच घर नं? पन एकट्यानं दूध उतू घालवाचं म्हंजे बरं दिसत नाई. बसा."

मी बसलो. एवढ्यात सुनंदावैनी त्यांना जेवायला बोलवायला आल्या आणि दारातूनच ओरडल्या, "दादा, दूध वर येऊन राह्यलं! गॅस बंद करा नं!"

"येऊ दे, सुनंदा. आजच घर नवं झालं."

आत धावत आलेल्या वैनींनी गॅसकडे नेलेला हात तसाच थांबवला. त्यांनी उंबरठ्यावरची माळ पाहिली, मग पातेल्याकडे पाहिले. डोक्यावरचा पदर सारखा करून त्या माझ्या शेजारी खाली बसल्या. दूध काठाशी येऊन थरथरले, आणि आम्ही तिघेही ते बाहेर पडण्याची वाट पाहू लागलो.