दहावीचा पहिला तास

"मले एक सांग गोदावरी," चंद्रकुमार पटले सरांनी भाताचा घास हातातच धरून ठेवला, "एका काठीत एवढं पाहण्यासारखं काय रायते?"

"कोणत्या काठीत जी?"

"आमच्या शाळेतल्या. त्या तहसीन मॅडमनं मैदानात गाडली ते."

"मंग ते तुमीच सांगा," गोदावरीबाईंनी वरणाची पळी वाटीत उलटी केली. "आठ दिस झाले, तुमीच तं पाहून राहिले. सपनात बी काठी, जेवताना बी काठी. माह्याकडं एवढं कधी पाह्यलं होतं का?"

सरांनी घास तोंडात घातला.

तुमसरच्या राईस मिलांच्या मागच्या अंगाला इस्लामिया माध्यमिक शाळा होती. मार्गशीर्षात नवं धान मिलांवर येई आणि तुसाची बारीक पिवळी धूळ शाळेच्या कौलांवर, मुलांच्या टोप्यांवर, मुलींच्या ओढण्यांवर सारख्याच मायेनं उतरे. या शाळेत पटले सर सतरा वर्षं गणित शिकवत होते. हाताखालून गेलेली पोरं कुठं मिलवर मुनीम झाली, कुठं इंजिनीयर झाली, आणि रस्त्यात भेटली की सायकलवरून उतरून "सलाम, सर" म्हणत. सरांचं सगळं वैभव एवढंच. एवढंच आणि दहावीचा पहिला तास.

पहिल्या तासाची गोष्ट वेगळी असते. सकाळची दुआ नुकतीच झालेली असते, ओठांवर तिचा ओलावा असतो. पोरांचे डोळे धुतलेल्या पाटीसारखे असतात, जे लिहाल ते उमटतं. शेवटच्या तासाला त्याच पाटीवर समोशाचं तेल असतं. सतरा वर्षं दहावीचा पहिला तास गणिताचा होता, आणि कामठीहून बदलून आलेल्या विज्ञानाच्या तहसीन मॅडमनी जून ते डिसेंबर एवढ्या काळात त्यावर डोळा ठेवला होता.

कारण काय, तर काठी. मॅडमनी मैदानाच्या मधोमध सव्वा मीटर उंचीची बांबूची काठी उभी केली आणि पोरांना सांगितलं, छापील तक्ते नव्हते तेव्हा लोक नमाजची वेळ सावलीवरून ओळखायचे. आपण ओळखून पाहू. भर दुपारी काठीची सावली सगळ्यांत आखूड असते, ती मोजायची. तिच्यात काठीची दुप्पट लांबी मिळवायची. तेवढी सावली लांबली, की अस्रची, म्हणजे दिवस कलतानाच्या नमाजची वेळ झाली. मग ऑफिसातल्या तक्त्याशी ताडून पाहायचं. मॅडमचा एकच दंडक होता: रोज काठीपासून सगळं नव्यानं मोजायचं, कालचं माप आज चालणार नाही.

पोरं वेडी झाली. सुतळ्या घेऊन धावू लागली. त्यांनी गाणंसुद्धा रचलं:

ऊन चढे, सावली दडे,
ऊन ढळे, सावली पळे!

हे गाणं वर्गाच्या खिडकीतून आत आलं, की सरांच्या हातातला खडू मोडे. सतरा वर्षांत वर्गसमीकरणाच्या सूत्रावर एकाही पोराला गाणं सुचलं नव्हतं.

आणि सोमवारी मुख्याध्यापक गफ्फार साहेबांनी त्यांना बोलावून घेतलं.

"बसा पटले सर. च्या घेता? बात अशी आहे, मॅडम म्हणून राहिल्या का सकाळची सावली बी मोजायची आहे. त्यायले दहावीचा पहिला तास पाहिजे."

"अन् मी?"

"तुमाले शेवटचा."

"साहेब, शेवटच्या तासाले पोरं बसल्या बसल्या झोपतात. मागच्या साली एक तं बाकावरून पडला."

"अरे, अजून दिला नाही ना! बुधवारी आपल्या संस्थेचे सदर, म्हंजे अध्यक्ष, हाजी यासीन सेठ येऊन राहिले काठी पाहायले. टाइम तक्त्याशी बराबर जुळला तं पहिला तास मॅडमचा. नाई जुळला तं तुमचा तुमालेच. इन्साफची बात आहे का नाई?"

सर "हाव" म्हणाले. पण पोटात विस्तवावर तूस टाकल्यासारखं झालं. ज्वाळ नाही, नुसता धूर.

बुधवारी सर पावणेदहालाच शाळेत आले. पिशवीत जेवणाचा डबा होता आणि डब्याखाली करवत. मैदानात चिटपाखरू नव्हतं. कोवळ्या उन्हात काठी एकटी उभी होती, निष्पाप, कुणाच्या तरी लग्नात मांडवाला हात लावून उभ्या असलेल्या पोरीसारखी. सरांना क्षणभर वाईट वाटलं. मग त्यांना समोशाचं तेल आठवलं.

हिशोब सोपा होता. काठी आखूड झाली, की सावली आखूड. सावली आखूड, की हव्या त्या जागी उशिरा पोचणार. उशिरा पोचली, की तक्ता खरा आणि मॅडम खोट्या. सतरा वर्षं गणित शिकवणाऱ्या माणसानं हा हिशोब एकदाही उलटा तपासून पाहिला नाही. हेव्याला भूमिती येत नाही.

त्यांनी चार बोटं काठी कापली. पण बांबू फुटला आणि टोक तिरपं झालं. तिरपं टोक कुणाच्याही डोळ्यांत भरलं असतं, म्हणून ते सरळ करायला आणखी दोन बोटं कापली. ते दुसऱ्या अंगानं तिरपं झालं. सरांनी आयुष्यात हजारो रेघा सरळ मारल्या होत्या, पण पट्टी धरून. करवत काही पट्टीचं ऐकेना. तिसऱ्यांदा कापलं तेव्हा मध्ये गाठ आली. गाठीखालून कापलं तेव्हा कुठं टोक सरळ झालं, आणि तोवर काठी वीतभर कमी झाली होती. सरांनी ताज्या कापावर माती चोळली, तुकडे डब्याशेजारी कोंबले आणि शिक्षकखोलीत जाऊन वह्या तपासायला बसले. पहिल्या तीन वह्यांत त्यांनी चुकीच्या उत्तरांवरही बरोबरची खूण केली.

साडेदहाला मैदानात हाकाटी झाली.

"मॅडम! काठी आटली!"

"अगं, काठी आटायला ती काय तळं आहे?"

"पाहा ना! काल माझ्या खांद्याले लागत होती. आज कोपराले लागून राहिली!" ही दहावीची अफशा. वर्गातल्या सगळ्या प्रश्नांना उत्तर देणारी, आणि न विचारलेल्यांनाही.

गफ्फार साहेब धावत आले. बकरीनं खाल्ली म्हणावं तर बकरी एवढं सरळ खात नाही. वाळवीनं खाल्ली म्हणावं तर वाळवी एका रात्रीत एवढी जेवत नाही. पटले सर सगळ्यांत शेवटी आले आणि सगळ्यांत जास्त हळहळले.

"अरे अरे! कोणी केलं असंन बाप्पा! आता काय, मॅडम, राहू द्या तुमी. सेठले निरोप धाडू. पुढच्या साली पाहू."

तहसीन मॅडम गुडघ्यावर बसल्या. काठीचं टोक त्यांनी बोटानं चाचपलं. मग उठून हात झटकले.

"कशाला, सर? हीच चालेल."

"हीच?" सरांचा आवाज आनंदानं चिरकला. तो त्यांनी खोकल्यात लपवला. "हे एवढीशी?"

"हो ना. सेठना येऊ दे."

म्हणजे हिला कळलंच नाही! सरांना गगन ठेंगणं झालं. आता त्यांना नुसतं जिंकायचं नव्हतं, जिंकताना पाहायला माणसं हवी होती. मॅडम आता म्हणाल्या असत्या, की जाऊ द्या, तर सरांनीच आग्रह केला असता. त्यांनी स्वतः वऱ्हांड्यात खुर्च्या मांडल्या. आठवी-नववीची पोरं आणून ओळीनं बसवली. "भिंतीवरचा तक्ता बाहेर आणा साहेब, समद्यायले दिसला पाहिजे," म्हणून तो खिळ्यासकट उपटून आणला. रस्त्यानं जाणाऱ्या दोन-चार मिलवाल्यांनाही हाका मारल्या. आजवर शाळेच्या कोणत्याच कार्यक्रमात सर एवढे राबले नव्हते. गफ्फार साहेब गहिवरून म्हणाले, "पटले सर, तुमचं दिल लय मोठं आहे. दुसरा कोणी असता तं जळला असता."

दुपारी बारा वाजून गेल्यावर पोरांनी काठी मोजली, सगळ्यांत आखूड सावली मोजली, सुतळीला गाठी मारल्या आणि जमिनीवर चुन्याची रेघ ओढली. तक्ता सांगत होता, आज अस्र तीन वाजून छप्पन मिनिटांनी.

साडेतीनला हाजी यासीन सेठ आले. खुर्चीत बसता बसता त्यांनी मैदानाकडं पाहिलं.

"काय मॅडम, काठी तं लय बुटकी वाटून राहिली. मागच्या जुम्म्याले मी रस्त्यावरून पाह्यली, तवा उंच होती."

"सकाळी कुणीतरी कापली, सेठ."

"मंग टाइम कसा जुळंन?"

"तेच तं म्हणतो मी!" पटले सर खुर्चीतून अर्धे उठले. "पण मॅडमचा भरवसा आहे बाप्पा. पाहू आता."

सावली सरकू लागली. डिसेंबरचं ऊन हळदीच्या पाण्यासारखं मैदानावर सांडलं होतं आणि त्यातून ती गाभण गायीच्या चालीनं चुन्याच्या रेघेकडं निघाली होती. तीन पन्नास. सर निवांत. तीन त्रेपन्न. सरांनी मान पुढं केली. ही एवढी पुढं कशी आली? तीन पंचावन्न. सरांच्या मनात कुठंतरी, फार खोल, एक खडू करकरला.

"छप्पन!" गफ्फार साहेब ओरडले.

सावलीचं टोक चुन्यावर होतं. अलीकडं नाही, पलीकडं नाही. चुन्यावर.

मैदानात अशी टाळी वाजली, की कौलांवरचं तूस उडालं. सेठ घड्याळ कानाला लावून पाहत होते.

"पण हे झालं कसं? काठी तं कापली होती ना?"

अफशा उभी राहिली. तिला कुणी उभं केलं नव्हतं.

"सेठ, काठी आखूड झाली तं आमी तेच आखूड काठी मोजली. अन् सावली बी त्याच पटीत आखूड झाली. सूर्य तं तोच आहे, कोन तोच आहे. दोन्ही त्रिकोण समरूप. बाजूंचं गुणोत्तर सारखं. तुमी काठीच्या जागी मिलचं धुरांडं उभं करा, टाइम तोच येईन."

"माशाल्लाह! हे तुले मॅडमनं शिकवलं?"

"नाई. हे तं पटले सरनं शिकवलं. पहिल्या तासाले."

दर वर्षी सर फळ्यावर झाड काढत, झाडाची सावली काढत, शेजारी लहान काठी काढत आणि सांगत, पोरांनो, लहान-मोठं कितीही असो, गुणोत्तर बदलत नाही. सतरा वर्षं. सगळ्या वर्गाला कळलं होतं. न कळलेला एकच जण खडू धरून उभा होता.

सेठच्या मनात मात्र वेगळाच प्रश्न आला. "सब ठीक, पण काठी कापली कोणी?"

तहसीन मॅडमची नजर फिरत फिरत सरांच्या स्वेटरवर आली. निळ्या लोकरीत बांबूचा पांढरा भुसा बसला होता, ताऱ्यांसारखा. सरांनी खाली पाहिलं, आणि मग वर पाहायचं धाडस झालं नाही.

"काठी सरांनीच कापली," मॅडम म्हणाल्या.

सर स्वेटरवरचा भुसा झटकू लागले.

"मुद्दाम कापली. प्रयोग पक्का आहे की आम्ही नुसते आकडे पाठ केलेत, हे तपासायला. मलाही सांगितलं नाही. अशी परीक्षा घेणारा गुरू पाहिजे, सेठ."

सेठ उठले आणि त्यांनी सरांना छातीशी धरलं. मॅडमसाठी आणलेला हार आधी सरांच्या गळ्यात पडला. सर त्यात उभे राहिले, हळद लागलेल्या नवरदेवासारखे, पळायला वाट नसलेले.

"आता मामला अवघड झाला," गफ्फार साहेब डोकं खाजवत म्हणाले. "पहिला तास कोणाले देऊ? तुमी दोघं मिळून ठरवा अन् मले सांगा."

पोरं पांगली. वऱ्हांड्यात दोघंच राहिले.

"मॅडम, मी चोरासारखं..."

"मीही चोरासारखंच, सर." मॅडम ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. "सकाळच्या सावलीचं या प्रयोगात काही कामच नाही. दुपारची लागते आणि अस्रची. तुम्ही गणिताचे, म्हटलं लगेच पकडाल."

सरांनी तेही पकडलं नव्हतं.

"मंग पहिला तास कायले मागतला?"

"हेवा वाटायचा. पोरं माझ्याबरोबर धावतात, गातात, आणि 'असं का' विचारलं, की म्हणतात, पटले सरनं सांगितलं. आज पुन्हा तेच झालं. सगळ्या शाळेसमोर."

सरांच्या पोटातला धूर वाट मिळाल्यासारखा निघून गेला. आपला कुणाला हेवा वाटावा, एवढी श्रीमंती त्यांनी स्वतःजवळ कधी मोजलीच नव्हती.

"पहिला तास तुमीच घ्या, मॅडम."

"छे, तुम्हीच घ्या. सतरा वर्षांचा हक्क आहे."

"हक्क गेला चुलीत. मले शेवटचा चालते."

"मलाही शेवटचाच चालतो, सर. खरंच नको मला पहिला."

"मले बी नको म्हणतो ना!"

हे प्रेमळ भांडण बराच वेळ चाललं, आणि ते ऑफिसच्या उघड्या खिडकीखाली चाललं होतं.

गुरुवारी सकाळी दुआ झाली. सर आणि मॅडम, दोघंही एकमेकांना नकार द्यायच्या तयारीनं, सूचनाफलकासमोर आले. नवं वेळापत्रक लागलं होतं. दहावी, पहिला तास: कवायत.

"साहेब, हे काय?" दोघं एकदम ऑफिसात शिरले.

"तुमीच दोघं ओरडून राहिले होते का नको, नको! अन् कवायतीच्या मंगेश सरनं आजवर कधी काही मागतलं नाई बिचाऱ्यानं. त्यायले विचारलं, तं लगेच हाव म्हणाले."

बाहेर शिट्टी वाजली. धुतलेल्या पाटीसारख्या डोळ्यांची चाळीस पोरं मैदानात ओळीनं उभी होती आणि मंगेश सर त्यांना हात वर, हात खाली शिकवत होते. पोरं हसत होती. अफशा सगळ्यांत उंच उडी मारत होती.

सर आणि मॅडम वऱ्हांड्याच्या एकाच खांबाआडून पाहत राहिले.

"पोरं लय खूश दिसून राहिली, नाई?" सर म्हणाले.

"हो ना."

"मले तं पाहवत नाई, मॅडम."

"मग जरा सरका, सर," मॅडम म्हणाल्या. "मला नीट दिसत नाहीये."