हळदीच्या कागदाची राखण

मोनालीचा कागद छतावरून गायब झाला होता.

"आई, इथला कागद?"

"म्या नेला आत," सासूबाई, पंचफुला, म्हणाल्या. "हळदीचा रंग उन्हात उडते, एवढं समजत नाही का वं तुले? पान बी फेकलं. सुकून चाललं होतं."

"उडवायचाच होता तो रंग!"

"मंग लावला कायले?"

मोनालीनं डोळे मिटून घेतले. तिच्या तिसरीतल्या लेकीनं, संबोधीनं, वर्गभर सांगून ठेवलं होतं, माही आई बिनकॅमेऱ्याचा फोटो काढते. आणि शाळेचं प्रदर्शन उद्यावर आलं होतं. सॅनिटायझरमध्ये हळद कालवून कागदाला लावायची, वर पान, पानावर काच, आणि द्यायचं उन्हात ठेवून. उघडी हळद फिकी पडते, पानाखालची तशीच राहते. एवढं सोपं! पण या घरात?

दुसरा कागद मांडून ती धुणं पिळायला गेली. तेवढ्यात शेजारची शेळी जिना चढली, तिनं काच सरकवून कपाशीचं पान खाल्लं आणि वरून कागदाचा कोपराही.

आता बाटलीत सॅनिटायझर एकाच कागदापुरतं उरलं होतं. संबोधीचे डोळे भरले. मोनालीनं पिंपळाचं पान आणलं.

"आई, आता तुमीच बसा. शेळी येऊ देऊ नका, काच हलू देऊ नका. अन् कागद आत नेऊ नका!"

"बसते न. तसंही थंडीचं ऊन खाऊनच राह्यले मी."

दोन वाजता मोनाली वर आली. सासूबाई कठड्याला टेकून गाढ झोपल्या होत्या आणि पंजा काचेवर जसाच्या तसा दाबलेला.

"आई! हात!"

"शेळी आलती," त्या दचकून म्हणाल्या. "म्या काच सोडली नाही."

मोनालीनं काच उचलली. फिक्या कागदावर पिवळाधमक पंजा उमटला होता. कडा जरा पुसट, पण मनगटाजवळ बांगड्या दिसत होत्या आणि विळ्यानं तुटलेली अर्धी करंगळीही. दोन बोटांमधून पिंपळाचं शेपूट तेवढं डोकावत होतं.

"आता शाळेत काय सांगायचं?" मोनालीनं कपाळाला हात लावला.

"माहाच हात हाय. चोरीचा थोडीच हाय!"

संध्याकाळी संबोधी शाळेचा तक्ता भरत बसली. मोनालीनं मागून वाचलं. वनस्पतीचे नाव: आजी. कुठे आढळते: छतावर.

"आई, उपयोग काय लिहू?"

मोनाली ओरडणारच होती. पण तिचं लक्ष पुन्हा त्या अर्ध्या करंगळीकडे गेलं. तिनं पेन घेतलं आणि स्वतःच लिहिलं: रंग उडू देत नाही.