शिकलगार सर आणि एकच क्रियापद

शिकलगार सर पहिल्यांदा माझ्या घरी आले तेव्हा मी त्यांच्यासाठी खुर्ची पुढे केली, आणि ते खुर्चीला वळसा घालून थेट स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले. आत माझी बायको चुलीवर पिठलं करत होती. आमच्या लग्नाला तीनच महिने झाले होते. परक्या पुरुषानं चुलीपर्यंत येण्याची रीत आमच्याकडे नव्हती. ती पदर सावरून उठायला लागली.

"उठू नका, वहिनी," सर म्हणाले. "एवढंच सांगा, आत्ता तुम्ही हे काय करत होता?"

"पिठलं."

"ते नाव झालं. क्रियापद सांगा."

तिनं माझ्याकडे बघितलं. मी भूगोलाचा मास्तर. मी छपराकडे बघितलं. शेवटी ती हळूच म्हणाली, "हाटत होते."

सरांनी कोटाच्या खिशातून छोटी वही काढली आणि उभ्याउभ्या तो शब्द टिपून घेतला. "ढवळत होते असं म्हणाला नाहीत. फार बरं वाटलं," असं म्हणून ते चहा न घेताच सायकलवर बसून गेले.

"ह्यांना बरं नाही का?" बायकोनं विचारलं.

सत्तर सालानंतरचा तो काळ. पलूसजवळच्या एका गावातल्या हायस्कूलमध्ये मी नुकताच लागलो होतो आणि शिकलगार सर तिथं बरीच वर्षं इंग्रजी शिकवत होते. मूळचे इस्लामपूरचे. वडील चाकू-कात्र्यांना धार लावून देत. सरांचा पायजमा पांढरा, कोट काळा आणि आवाज असा की शेवटच्या बाकावरच्यालाही पेंगता यायचं नाही. कुणाचं उत्तर थोडक्यात चुकलं की ते म्हणायचे, "जवळ आलात, पण पोचला नाहीत." हे ते पोरांना म्हणत, शिपायाला म्हणत, एकदा एसटीच्या कंडक्टरलाही म्हणाले होते.

या सगळ्याची सुरुवात एका धड्यापासून झाली होती. त्या धड्यात 'स्टर' हे इंग्रजी क्रियापद चार वेळा आलं होतं. एकदा बाई रस्सा करताना, एकदा वारा पडल्यावर झाडाच्या पानाबद्दल, एकदा कुणी शेकोटीतले निखारे वरखाली करताना आणि एकदा पुढाऱ्यानं भाषण केल्यावर. गाइडात अर्थ दिला होता, ढवळणे. पोरांनी इमानानं लिहिलं, 'पान जरासुद्धा ढवळले नाही. पुढाऱ्याने लोकांना खूप ढवळले.'

दुसरा कुणी मास्तर ते पेपर शिक्षकांच्या खोलीत वाचून हसला असता. सर मात्र दोन दिवस ते पेपर काखेत घेऊन हिंडले. तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, "पोरांची चूक नाही, कदम. आपण त्यांच्या हातात एक पळी दिली आणि सगळी दुनिया हिनंच ढवळा म्हणून सांगितलं."

तेव्हापासून ती वही त्यांच्या खिशात आली. सर जिथं काही हलताना दिसेल तिथं थांबू लागले. डाळ घोटतात, ताक घुसळतात, कांदा परततात, दहीभात कालवतात, विस्तव सारतात, पान हलतं, माणसं पेटतात, भावकीत कुणी काडी लावतं, असं करत करत वही भरत चालली. एकदा हेडमास्तर सभेत म्हणाले, "सध्या शाळेतलं वातावरण ढवळून निघालं आहे." सर उठून उभे राहिले. "सर, ढवळून की घुसळून? घुसळलं असेल तर लोणी निघायला पाहिजे."

"शिकलगार, बसा," हेडमास्तर म्हणाले.

हिवाळ्यात तर ते मला घेऊन एका गुऱ्हाळावरच गेले. ऊस एका रिटायर सुभेदारांचा होता. मोठ्या काहिलीत रस आटून पाक दाटत आला होता आणि गुळव्या लांब दांड्याचं लाकडी फावडं एका लयीत फिरवत होता.

"बाबा, ह्याला काय म्हणता?" सरांनी विचारलं.

"कशाला?"

"हे तुम्ही करताय ते."

"काय म्हणायचं त्येला? फिरवत ऱ्हायचं."

"जवळ आलात, पण पोचला नाहीत."

गुळव्या भला माणूस. मास्तरानं विचारलंय म्हटल्यावर तो मनापासून विचार करायला लागला, आणि विचार करताना त्याचा हात थांबला. पाक खाली लागला. वास सुटला तसे सुभेदार धावत आले आणि आम्हाला बांधापलीकडे जाईपर्यंत बोलत राहिले. सरांना शब्द मिळाला नाही. शिव्या मात्र तीन नव्या मिळाल्या. त्या त्यांनी वेगळ्या पानावर लिहून ठेवल्या.

घरी सर आणि रशीदाभाभी, दोघंच. मूलबाळ नव्हतं. भाभींना या वहीचा मनस्वी कंटाळा होता. सर चुलीकडं वळले की त्या हातातलं काम थांबवत. "आवं, एक तर शब्द घ्या, न्हाई तर च्या घ्या. दोनी मिळायचं न्हाई." सर मुकाट्यानं चहा घेत. गावभर हिंडून शब्द गोळा करणाऱ्या या माणसाला घरातून एकही शब्द मिळाला नव्हता, आणि ते दोघांनाही गमतीचं वाटायचं.

एका फेब्रुवारीत भाभी आडावरून पाणी आणताना घसरल्या. डोकं दगडावर आपटलं. जीपमध्ये घालून त्यांना सांगलीच्या एका दवाखान्यात नेलं, पण शुद्ध आली नाही.

चौथ्या दिवशी मी भेटायला गेलो. सर खाटेजवळ स्टुलावर बसले होते. दाढीचे पांढरे खुंट वाढलेले, कोट चुरगळलेला. एवढ्यात नर्स आली. ती केरळची, तिला मराठी येत नव्हतं. तिनं भाभींची नाडी बघितली आणि सरांना इंग्रजीत विचारलं. त्या विचारण्यात तेच क्रियापद होतं, 'स्टर'. सरांनी नाही म्हणून मान हलवली. नर्स गेली.

"रोज सकाळ-संध्याकाळ हेच विचारते," सर म्हणाले. "पहिल्या दिवशी मला कळलंच नाही, कदम. मी, मला कळलं नाही. मग तिनं बोट जरासं हलवून दाखवलं."

मी केळी आणली होती, ती खिडकीत ठेवली.

"हलली का म्हणावं, तर पंख्यानं चादरही हलते," ते म्हणाले. "जागी झाली का म्हणावं, तर ते फार लांबचं झालं. ह्या दोहोंच्या मध्ये काही तरी आहे. मी तिच्याकडं बघत बसतो आणि तेच शोधतो. दुसरं काय करायचं ते मला माहीत नाही."

दुपारी ते खिडकीशी जाऊन भाभींच्या कपाळावरचा ओला फडका पिळत होते. शेजारच्या खाटेवर तासगावकडची एक म्हातारी पायाला प्लास्टर घालून पडली होती. तिची नजर भाभींवर होती.

"मास्तर," ती म्हणाली, "हिकडं बघा. चाळवली बघा तुमची कारभारीण."

सर वळले. भाभींची मान उशीवर किंचित कलली होती. डाव्या हाताची बोटं चादर चिमटीत धरू बघत होती, झोपेतलं तान्हं मूल कूस बदलण्याआधी करतं तशी.

सर अनवाणी पळाले. व्हरांड्याच्या टोकाला नर्स होती, तिच्यासमोर उभे राहून म्हणाले, "चाळवली, सिस्टर. चाळवली." आयुष्यभर इंग्रजी शिकवत आलेल्या माणसाला त्या वेळी इंग्रजीचा एक शब्द सापडला नाही. नर्सनं त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि काही न विचारता ती त्यांच्या मागोमाग धावत आली.

आणखी दोन दिवसांनी भाभींनी डोळे उघडले. मी तेव्हा डबा घेऊन गेलो होतो. त्यांनी छताकडे बघितलं, सलाइनच्या बाटलीकडे बघितलं, मग कितीतरी वेळ सरांकडे बघत राहिल्या. आवाज अगदी पातळ झाला होता.

"हितं काय करताय?" त्या म्हणाल्या. "आज शाळा न्हाई व्हय?"

"सुट्टी आहे," सर म्हणाले.

त्या दिवशी बुधवार होता.