पहिली आलेली गाडी

मास्तरांच्या गाडीत बसल्या की सासूबाई आधी पदर सारखा करायच्या, मग काचेतून बाहेर बघत राहायच्या आणि दोन-तीन वळणं गेली की म्हणायच्या, "आमच्या बाबांची गाडी पहिली आली होती."

लग्न झाल्यापासून मास्तर हे वाक्य ऐकत आले होते. सासूबाईंना दवाखान्यात नेताना ऐकलं, भाचीच्या लग्नाला नेताना ऐकलं. एकदा गाडी बंद पडली आणि मास्तर घामाघूम होऊन ती ढकलत होते, तेव्हाही आतून तेच ऐकू आलं होतं. यावर माणूस काय बोलणार? मास्तर मोटार शिकवण्याचा वर्ग चालवत. त्यांच्या हाताखालून गेलेला एकही विद्यार्थी आजवर कुणाला धडकला नव्हता, आणि कुठे वेळेवर पोचलाही नव्हता, असं गावातले टवाळ म्हणत. खुद्द मास्तरांचा वेग तर असा, की सायकलवाले त्यांना ओलांडून जाताना घरच्यांची चौकशी करून पुढे जात.

सासूबाईंनी जावयाचं कौतुक केलं नव्हतं असं नाही. त्यांच्या अक्षराचं केलं होतं, शांत स्वभावाचं केलं होतं, मुलांना लावलेल्या वळणाचं केलं होतं. गाडी चालवण्याबद्दल मात्र चकार शब्द नाही. आणि माणसाचं कसं असतं, ज्यावर त्याचं पोट चालतं त्याचीच तारीफ त्याला घरातून हवी असते. मास्तरांना ती फार हवी होती. हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही, पण जेवताना मधेच हात थांबवून ते भिंतीकडे बघत बसत, तेव्हा बायकोला सगळं कळत असे.

अशात दातांचे डॉक्टर घरी आले. हे डॉक्टर जुन्या मोटारींच्या मंडळाचे अध्यक्ष होते. सत्तर वर्षांपूर्वी बंदरापासून गावातल्या चौकापर्यंत मोटारींची शर्यत झाली होती, एवढं त्यांना ठाऊक होतं. ती कोण जिंकलं हे मात्र कुणालाच सांगता येत नव्हतं. त्या दिवसाचं माणूस म्हणून सासूबाईच काय त्या उरल्या होत्या. डॉक्टरांनी त्यांच्यासमोर बसून, तोंड उघडायला सांगतात तितक्याच गोडीने, त्या शर्यतीबद्दल विचारलं. सासूबाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "आमच्या बाबांची गाडी पहिली आली होती."

डॉक्टर हर्षभरित झाले. त्यांनी दुसऱ्याच दिवशी चौकात बसवायची संगमरवरी पाटी कोरायला दिली. सासूबाईंच्या पडवीत ताडपत्रीखाली झोपलेली ती गाडी मिस्त्रीच्या ताब्यात दिली. पाटीचं उद्घाटन होईल त्या दिवशी मंडळाच्या साऱ्या जुन्या गाड्या पुन्हा त्याच रस्त्याने चौकापर्यंत धावतील, असंही ठरवून टाकलं. बाबांची गाडी अर्थातच जावई चालवणार होते.

"मी शेजारी बसणार," सासूबाई म्हणाल्या. "भोंगा माझ्याकडे. तेव्हाही माझ्याकडेच होता."

झालं. मास्तरांच्या मनाने घेतलं की ही गाडी पुन्हा पहिली आली पाहिजे. तसं झालं तर सासूबाई बोलतील. नाही झालं तर उरलेला जन्म तेच वाक्य ऐकायचं, आणि आता ते कोरलेलंही असणार. ते पहाटे उठून गाडी काढू लागले.

"अहो, रोज कुठे जाता?" बायकोने विचारलं.

"सराव करतो."

"कशाचा?"

"पुढे जाण्याचा."

 बायको हलकेच म्हणाली, "तुमच्याने नाही व्हायचं ते. दुकानाच्या रांगेत तुम्ही मागच्यांना पुढे पाठवता."

खोटं नव्हतं ते. त्या आठवड्यात मास्तरांनी फक्त एका दुधाच्या गाडीला मागे टाकलं होतं, आणि पुढे थांबून, राग तर आला नाही ना, असं दूधवाल्याला विचारलंही होतं.

शर्यतीची सकाळ धुक्याची होती. बंदरावर समुद्र दिसत नव्हता, नुसता ऐकू येत होता. पाच-सहा गाड्या पितळी दिवे पुसून उभ्या होत्या आणि इंजिनं सुरू झाली तेव्हा सगळा रस्ता झोपेत कुशीवर वळावा तसा जरासा हलला. सासूबाई शाल लपेटून, मांडीवर रबरी फुग्याचा भोंगा घेऊन बसल्या होत्या. त्यांचा चेहरा सहा वर्षांच्या मुलीचा झाला होता. मास्तरांनी तो पाहिला आणि त्यांना घाम फुटला.

निशाण पडलं. सगळे गेले, मग मास्तर गेले. दोन्ही बाजूंनी उंच झाडं होती आणि त्यांच्या शेंड्यांना उजेड नुकता लागत होता. पुढच्या गाड्या धुक्यात विरघळत चालल्या होत्या. मास्तरांनी दात आवळून वेग वाढवला, पण अंतर काही मिटेना. मन म्हणत होतं, संपलं. इतक्यात अरुंद पूल आला, आणि पाहतात तो काय, सगळ्या गाड्या पुलाच्या अलीकडे ओळीने उभ्या.

झालं होतं ते असं. पाव भाजणारा बेकरीवाला, सोड्याच्या कारखान्याचा मालक, फोटोवाला, खुद्द दातांचे डॉक्टर, हे सगळे एके काळचे मास्तरांचे विद्यार्थी. अरुंद पुलावर आधी दुसऱ्याला जाऊ द्यावं, हे मास्तरांनी त्यांच्या हाडीमासी भिनवलं होतं. पुलाशी आल्याबरोबर जो तो थांबला आणि खिडकीतून हात काढून दुसऱ्याला म्हणू लागला, आधी तुम्ही. दुसरा म्हणे, छे, आधी तुम्ही. कुणीच हलेना. त्यात मागून मास्तर आलेले दिसले, तेव्हा साऱ्यांनाच सुटल्यासारखं वाटलं.

"मास्तर, तुम्ही असताना आम्ही कसे पुढे जाणार?" बेकरीवाला म्हणाला.

एरवी मास्तरांनी नाहीच म्हटलं असतं. पण त्यांनी सासूबाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मान खाली घातली आणि सगळ्यांच्या कडेकडेने गाडी पुलावर घातली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या पुढे कुणी नव्हतं.

पुलापलीकडे धुकं सुटलं. रिकामा रस्ता समोर पसरला होता, लांबवर, दोन्ही कडांना ओलं गवत. मास्तरांनी पाय दाबला. गाडी थरथरली, मग थरथर थांबली आणि ती नुसती वाहायला लागली. त्यांच्या कानांत वारा भरला. आपण शिकवणारे वगैरे कुणी नाही, आपल्याला बायकोमुलं नाहीत, आपण या रस्त्यावरून असेच निघून चाललो आहोत आणि चौक कधी येणारच नाही, असं काहीतरी त्यांना वाटू लागलं. वाटलं ते फार छान होतं. मागच्या गाड्या दूर राहिल्या होत्या.

तेवढ्यात भोंगा वाजला.

आता, मास्तरांच्या कानाला एक सवय होती. भोंगा वाजला की मागून कुणीतरी घाईत आहे. गाडी डावीकडे घ्यायची, वेग कमी करायचा, हात बाहेर काढून त्याला जाऊ द्यायचं. इतकी वर्षं हे त्यांनी शिकवलं होतं आणि पाळलं होतं. त्या तंद्रीत भोंगा मागे वाजला की शेजारच्या मांडीवर, हे बघायला त्यांचं डोकं जागेवर होतं कुठे? त्यांनी गाडी डावीकडे घेतली, हात बाहेर काढला. भोंगा पुन्हा वाजला. मास्तरांनी आणखी डावीकडे घेतली. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा गाडी गवतात उभी होती आणि मास्तर हाताने, या, या, करत होते.

आणि मागचे आले की. मास्तर स्वतः हात दाखवतायत म्हटल्यावर थांबायची काय बिशाद? एकेक जण मान लववून, धन्यवाद म्हणत निघून गेला. शेवटच्या गाडीची धूळ खाली बसली तेव्हा मास्तरांना उमगलं की आपण आपल्याच भोंग्याला वाट करून दिली. त्यांनी सासूबाईंकडे पाहिलं. त्या समाधानाने गवताकडे बघत होत्या.

पुढे मग घाई करण्यात अर्थच नव्हता. वाटेत टपालवाल्या बाईंच्या सायकलची साखळी तुटली होती, त्यांना मागे बसवलं, सायकल दोरीने बांधली. एका वळणावर बकऱ्या होत्या, त्या गेल्या. चौकात पोचले तेव्हा बँडवाले ढोलाला खोळ घालत होते, खुर्च्या टेम्पोत चढत होत्या. माणसं पांगली होती. रिकाम्या चौकाच्या मधोमध छत्री घेऊन एकटी बायको उभी होती, आणि पाटीपाशी डॉक्टर.

मास्तरांनी इंजिन बंद केलं.  "आई," ते कसेबसे म्हणाले, "माझ्याने नाही झालं. आपण शेवटचे आलो."

सासूबाई उतरल्या, पदर सारखा केला आणि पाटी वाचू लागल्या. वाचता वाचता त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"'मोटारींच्या शर्यतीत पहिली आलेली गाडी.' हे कुणी लिहिलं?"

"तुम्हीच सांगितलंत ना आजी," डॉक्टर म्हणाले.

"मी पहिली आली म्हटलं. शर्यतीत कधी म्हटलं? गावात पहिली आली. त्याआधी इथे कुणी मोटार बघितली नव्हती. शर्यत पुढे दोन वर्षांनी झाली. तिच्यात बाबा शेवटचे."

डॉक्टरांनी संगमरवराकडे पाहिलं. कोरलेल्या अक्षराला भूल देऊन उपटता येत नाही. "मग जिंकलं कोण?" त्यांनी क्षीण आवाजात विचारलं.

"कोण जाणे. जिंकणारा इतक्या जोरात गेला की लोकांना नुसती धूळ दिसली. बाबा मात्र सगळ्यांना दिसले." सासूबाई बोलत होत्या आणि त्यांचे डोळे चौकाच्या पलीकडे कुठेतरी लागले होते. बाबा प्रत्येक वस्तीला थांबले होते. लोकांना गाडीला हात लावायचा होता, तर लावू दिला. एका म्हातारीला माहेरी जायचं होतं, तिला पोचवलं. गावात आले तेव्हा सगळे घरी गेलेले, हा चौक असाच रिकामा, आणि मधोमध एकटी आई उभी. तिने बाबांना एवढंच विचारलं, भूक लागली असेल ना? सासूबाईंना वाटलं होतं, जग इथवरच आहे आणि ते पुरे आहे.

मास्तर हे सगळं ऐकत होते.  "मग तुम्ही मला एवढी वर्षं ते वाक्य..."

"तुम्ही चालवायला लागलात की मला बाबा आठवायचे, जावईबापू. तस्सेच. सायकलवाल्याला वाट देणारे. म्हणून तोंडातून निघायचं." त्या थांबल्या. "तुम्हाला काय वाटलं?"

मास्तरांना काय वाटलं ते सांगायला निदान एक दुपार लागली असती. त्यांनी चष्मा काढून पुसला, घातला, पुन्हा काढून पुसला. बायकोने छत्री मिटली आणि ती मागे टपालवाल्या बाईंशेजारी जाऊन बसली. डॉक्टर बिचारे पाटीवर रुमाल टाकावा की टाकू नये, या विचारात तिथेच राहिले.

घराकडे जाताना सासूबाईंनी दोन-तीन वळणं जाऊ दिली. मग त्यांनी मागे वळून लेकीला सांगितलं, "फार छान चालवली गं यांनी. फक्त त्या पुलानंतर काय झालं होतं कोण जाणे, एकदम घाई सुटली. तीनदा भोंगा वाजवला मी, तेव्हा कुठे हळू झाले."