वाचनालयातलं पाचट

फरहीनने बारामतीहून आणलेली पुस्तकं वाचनालयाच्या टेबलावर मांडली आणि दादासाहेबांनी त्यातलं वरचं पुस्तक उचलून नाकाला लावलं.

वास घेऊन झाल्यावर त्यांनी ते मधोमध उघडलं, दोन्हीकडून वाकवून पाहिलं, तळहातावर तोललं आणि निकाल दिला, "वजनाला हलकं हाय."

"लहान मुलांचं आहे, दादासाहेब. झोपून वाचताना तोंडावर पडलं तरी लागू नये," फरहीन म्हणाली.

दादासाहेबांची उभी हयात साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात गेली होती. फडात शिरायचं, कांडं मोडायचं, चावायचं आणि ऊस तोडीला आला की नाही ते सांगायचं, यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. निवृत्त झाल्यावर गावाने त्यांना वाचनालयाचं अध्यक्ष केलं, कारण ते रिकामे होते आणि वाचनालयही रिकामंच होतं. समितीचे दुसरे सदस्य तात्याबा, म्हणजे दूध डेअरीचे चेअरमन. त्यांचा वाचनाशी संबंध एवढाच, की वाचनालयाची खोली त्यांना डेअरीच्या पशुखाद्यासाठी हवी होती. महिनाअखेरपर्यंत पोरं फिरकली नाहीत तर खोली डेअरीला द्यायची, असं मागच्याच बैठकीत ठरलं होतं.

वाचनालय सांभाळणाऱ्या फरहीनला ही खोली जाऊ द्यायची नव्हती. ती याच गावात वाढली होती. तिच्या शाळकरी वयात तिला वाचायला कॅलेंडरच्या मागच्या बाजूपलीकडे काही मिळालं नव्हतं, आणि त्याचा राग अजून तिच्या मनात होता. म्हणूनच तिने दुकानदाराचं डोकं खाऊन, एकेक पुस्तक दुकानातच उभ्याने चाळून, पोरं खाली ठेवणार नाहीत अशी पुस्तकं निवडून आणली होती. समितीची अट मात्र एकच होती, पुस्तकं दर्जेदार हवीत. आणि दर्जा समिती तपासणार होती.

एका पुस्तकात नातू आजोबांना उलट उत्तर देत होता. "पाचट," दादासाहेब म्हणाले.

दुसऱ्यात विहिरीत भूत होतं आणि तेही चांगल्या स्वभावाचं. "वाईट असतं तर पोरं विहिरीपासनं लांब तरी ऱ्हायली असती. पाचट."

तिसऱ्यातला मुलगा दहावीत नापास होऊनही शेवटपर्यंत मजेत होता. त्यावर तात्याबाच भडकले. "आमच्या नातवानं एवढंच वाचायचं ऱ्हायलंय! पाचट, पाचट!"

चौथी गोष्ट वयात येणाऱ्या मुलीची होती. दादासाहेबांनी ती नेमकी जिथे उघडायला नको तिथेच उघडली. दोन ओळी वाचून त्यांचे कान लाल झाले. "ह्ये तळाला घाला. अगदी तळाला."

"दादासाहेब, निदान एखादं पूर्ण वाचून तरी बघा की," फरहीन काकुळतीला आली.

"पोरी, ऊस गोड हाय का बघायला आख्खा फड खावा लागतो व्हय?"

संध्याकाळपर्यंत तपासणी आटोपली. दर्जेदार ठरली ती थोरांची चरित्रं, जीवनात यशस्वी कसं व्हावं हे सांगणारी, सामान्यज्ञानाची, आणि दुकानदाराच्या गफलतीने गठ्ठ्यात आलेलं माती परीक्षणावरचं एक. ते दादासाहेबांना सर्वांत आवडलं. बाकीची तात्याबांनी उदारपणे दिलेल्या पशुखाद्याच्या रिकाम्या पोत्यांत गेली. एकमेकांत मिसळायला नकोत म्हणून दादासाहेबांनी फरहीनलाच पोत्यांवर मोठ्या अक्षरांत 'पाचट' लिहायला लावलं. तिने लिहिलं, पण एवढ्या जोरात की मार्करचं टोक आत गेलं.

मग दादासाहेबांनी टेंपोवाल्या अमीरला फोन लावला. त्यांच्या मनात ही पोती बारामतीला रद्दीत धाडायचं होतं. मनातली गोष्ट समोरच्याला आपोआप कळते असा सगळ्याच अध्यक्षांप्रमाणे त्यांचाही समज होता.

"अमीर, वाचनालयात पाचट भरून ठिवलंय. सकाळी उचल."

"कुठं टाकू?"

"आता पाचट कुठं टाकत्यात ते बी मीच सांगू व्हय? फकस्त जाळू नगो, लोकं नावं ठिवत्यात."

गेला आठवडाभर अमीर दुसरं काही करतच नव्हता. शेजारच्या तुटलेल्या फडातला उसाचा वाळका पाला, म्हणजे खरंखुरं पाचट, भरायचं आणि दादासाहेबांच्या तोडणीनंतर पुन्हा फुटलेल्या खोडव्याच्या उसात नेऊन टाकायचं. तिथे गोजरबाई आणि तिच्या बाया जमिनीची ओल टिकावी म्हणून ते सऱ्यांमधून पसरत होत्या. तेव्हा अमीरने विचारलेला प्रश्न त्याचा त्यालाच मूर्खपणाचा वाटला. सकाळी त्याने पोत्यांवरची अक्षरं वाचली, पोती टेंपोत घातली आणि नेहमीच्या रस्त्याला लागला.

फरहीन वाचनालयात आली तेव्हा पोती नव्हती. एखादं तरी पुस्तक ओढणीखाली लपवून घरी न्यायचं, असं तिने रात्री ठरवलं होतं. तिने अमीरला फोन केला.

"टाकलं की पाचट," अमीर म्हणाला. "दादासाहेबांच्या रानात. पर ताई, ह्या टायमाला लईच जड होतं."

फरहीनने स्कूटी काढली. वाटेत दादासाहेब दिसले, त्यांना मागे बसवलं आणि काय झालं ते चालवता चालवता सांगितलं. दादासाहेबांनी ते दोनदा ऐकून घेतलं. दोन्ही वेळा त्यांना ते पटलं नाही.

बांधावर गोजरबाई कमरेवर हात ठेवून कौतुकाने रानाकडे बघत उभी होती. सरीतून सरी पुस्तकं पसरली होती, मधोमध उघडून, पालथी, ओळीत.

"दादासाहेब, झकास झालंय बघा," ती म्हणाली. "आमी म्हनलं, ह्यो नवा मल्चिंग पेपर दिसतोय सरकारचा. आधी प्लास्टिकचा यायचा, आता छापील आलाय."

"गोजरे, अगं पुस्तकं हायत ती!"

"ते दिसतंय की. पर पोत्यावर पाचट लिवलं हाय. तुमच्या वाचनालयात काय चुकीचं लिवत्यात व्हय?"

दादासाहेबांनी ते लिहिणाऱ्या फरहीनकडे रागाने पाहिलं. फरहीनचं मात्र तिकडे लक्षच नव्हतं. ती सऱ्यांकडे बघत होती. सुट्टीचे दिवस होते आणि रानात पुस्तकं उगवल्याची बातमी वस्तीवर पोचली होती. जिकडे बघावं तिकडे सरीत पोरं बसली होती. कोणी वरंब्याला टेकलेलं, कोणी पालथं पडलेलं. भुताच्या पुस्तकावर तर चार डोकी होती आणि पान उलटायला उशीर लावणाऱ्याला बाकीचे चिमटे काढत होते.

कडेच्या सरीत दादासाहेबांची नात स्वराली बसली होती. नववीत गेल्यापासून ती घरात कोणाशी धड बोलत नव्हती. तिच्या हातात तळाला घातलेलं पुस्तक होतं.

"स्वराली, ठिव ते खाली!" दादासाहेब गरजले.

"आबा, बाजूला व्हा. तुमची सावली पडतीय," ती मान वर न करता म्हणाली.

दादासाहेब बाजूला झाले. का झाले, ते त्यांनाही कळलं नाही.

इतक्यात विहिरीकडून घरघर ऐकू आली. शेतीची लाईट आली होती, आणि मोटारीला ऑटो लावलेला असल्यामुळे ती कोणाला न विचारता सुरू झाली. पाट भरला आणि पाणी फेसाळत पहिल्या सरीत शिरलं.

"पाणी! पुस्तकं भिजतील!" फरहीन ओरडली आणि चपला टाकून सरीत उतरली. "उचला रे, उचला!"

पोरांना दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. जवळचं पुस्तक उचलायचं, छातीशी धरायचं आणि पळायचं. दादासाहेब धोतर सावरत मोटारीकडे धावले, चिखलात घसरले आणि सरीत बसले. त्यांनी ती बंद करेपर्यंत रानात एकही पुस्तक उरलं नव्हतं आणि एकही पोरगं उरलं नव्हतं. समितीने नाकारलेलं पान न् पान गावातल्या घराघरात पोचलं होतं.

फरहीन रात्रभर तळमळली. पुस्तकं गेली, आता खोलीही जाणार. दुसऱ्या दिवशी तात्याबा महिनाअखेरचीही वाट न बघता पेंडीचं पहिलं पोतं गड्याच्या डोक्यावर देऊन वाचनालयाशी आले. पण आत जायला वाट नव्हती. दारात चपलांचा खच पडला होता आणि आत पोरं एकमेकांच्या हातातली पुस्तकं ओढत होती.

"ताई, माझं वाचून झालं, आता हिचं मला द्या!"

"ताई, ह्याच्यापेक्षा पाचट हाय का?"

"अरं, ते दर्जेदार कपाट भरलंय की, त्यातलं घ्या!" तात्याबा दारातून ओरडले.

पोरांनी कपाटाकडे पाहिलं आणि पुन्हा फरहीनला घेरलं. गडी अवघडला होता, त्याने पोतं खाली ठेवलं. लगेच एक पोरगी त्यावर बसून वाचू लागली. तात्याबा थोडा वेळ ती उठायची वाट बघत उभे राहिले. मग तिच्याच वयाच्या आपल्या नातवाला आत दहावी नापासाची गोष्ट हसत हसत वाचताना बघून पोतं तिथेच टाकून निघून गेले.

संध्याकाळी पोरं पांगल्यावर दादासाहेब आले. घसरल्यापासून ते जरा लंगडत होते. त्यांनी पिशवीतून तळाचं पुस्तक काढून टेबलावर ठेवलं. चिखल पुसून त्याला वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं होतं.

"स्वरालीनं परत करायला दिलंय?" फरहीनने विचारलं.

"तिचं कालच झालं. आज मी वाचलं. पयल्यापासनं." ते खुर्चीत बसले. "रात्री आपनहून माझ्यापाशी येऊन बसली. म्हनली, आबा, ह्यातल्या पोरीला बी माझ्यासारखीच भीती वाटती. वरीसभर पोरगी एकटी भीत होती, पोरी, आन घरात आमी समदे म्हनत होतो, हिला माज आलाय." त्यांनी कव्हरवरून हात फिरवला. "ह्ये पाचट न्हाय. लई दर्जेदार हाय."

फरहीनच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने पटकन कोरा कागद ओढला. "मग पाटी करून लावते, दादासाहेब. 'मुलांसाठी दर्जेदार पुस्तकं'."

"आगं, खुळी का काय तू?" दादासाहेब घाईने उठले आणि त्यांनी तिच्या हातातला मार्कर काढून घेतला. "दर्जेदार म्हनल्यावर उद्या एक तरी पोरगं येईल का?"